ऑटोपे चालू असताना स्वतःही बिल भरले, तर पैसे दोनदा कापले जातात का?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या ऑगस्टमध्ये तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून शिक्षणासाठी अमेरिकेत येत आहात, इथे आल्यावर पहिले क्रेडिट कार्ड घ्यायचे आहे, आणि त्याच्या बिलासाठी ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून बिलाचे पैसे आपोआप कापले जाण्याची सोय, लावून शिवाय मधून मधून स्वतःही पैसे भरले तर एकच रक्कम दोनदा कापली जाईल का, अशी तुम्हाला शंका आहे. तुमचे दादा तालुक्याच्या पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि आपल्या खात्यातून परस्पर पैसे काढण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

पैसे दोनदा कापले जाऊ शकतात, मात्र ते बुडत नाहीत. कापले जातील की नाही, हे कार्ड देणाऱ्या बँकेचा नियम काय आहे आणि तुम्ही नेमक्या कोणत्या तारखेला पैसे भरले, या दोन गोष्टींवर ठरते. माझे मत असे की ऑटोपे लावावा, तोही स्टेटमेंटच्या पूर्ण रकमेचा, आणि स्वतः जे भरायचे ते स्टेटमेंट निघण्याच्या आधी किंवा निघाल्यावर लगेच भरावे. शेवटच्या चार-पाच दिवसांत हात लावू नये.

दादांच्या शंकेला मी हसणार नाही. आपल्याकडे गावोगावच्या पासबुकांत मे महिन्याच्या अखेरीस 436 आणि 20 रुपयांच्या विम्याच्या नोंदी दिसतात, आणि त्यासाठी आपण संमती कधी दिली होती हे अनेकांना आठवत नाही. पीक कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याच्या खात्यातून पीक विम्याचा हप्ताही 2020 च्या खरिपाआधीपर्यंत सक्तीने जात असे. त्यातून ही सावधगिरी आली आहे. शिवाय भारतात कार्डावरून किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने जाणाऱ्या रकमेची सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान 24 तास आधी येते आणि मोठ्या रकमेला ओटीपीही लागतो. अमेरिकेत तुम्ही एकदा खाते क्रमांक आणि बँकेचा राउटिंग नंबर (बँक ओळखण्याचा क्रमांक) देऊन संमती दिली की दर महिन्याला रक्कम ओटीपीशिवाय निघते. एवढ्यापुरते दादांचे म्हणणे खरे आहे. तरीही ऑटोपे न लावणे इथे अधिक महाग पडते, आणि ते का, हे तारखा समजून घेतल्यावर स्पष्ट होईल.

कार्डाच्या बिलाला दोन तारखा असतात. एका तारखेला महिन्याचा हिशेब बंद होऊन स्टेटमेंट निघते आणि दुसऱ्या तारखेपर्यंत ते भरायचे असते. 2009 च्या कायद्याने या दोन्हींत किमान 21 दिवसांचे अंतर बंधनकारक केले आणि भरण्याची तारीख दर महिन्याला एकच ठेवावी, असेही ठरवून दिले. स्टेटमेंटची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर खरेदीवर एक सेंटही व्याज लागत नाही. थोडी जरी बाकी राहिली तरी ही सवलत जाते, उरलेल्या रकमेवर रोजच्या हिशेबाने व्याज धरले जाते आणि पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीवरही ते पहिल्या दिवसापासून चढू लागते. मुदतीत फेडलेल्या पीक कर्जाला व्याज सवलत मिळते आणि मुदत हुकली की ती जाते, हे तुमच्या बाबांना सांगावे लागणार नाही. इथला हिशेब तसाच आहे, फक्त हंगामाऐवजी महिना आहे आणि व्याजाचा दर अनेकदा वर्षाला 20 टक्क्यांहून अधिक असतो.

ऑटोपे लावताना बँक विचारते की किती रक्कम काढायची. साधारणपणे किमान रक्कम, स्टेटमेंटची पूर्ण रक्कम, तुम्ही ठरवलेली ठोक रक्कम आणि काही ठिकाणी त्या दिवसापर्यंतची सगळी बाकी, असे पर्याय असतात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला वारंवार दिसलेली गोष्ट अशी की किमान रकमेचा पर्याय यादीत सर्वांत वर असतो, घाईत तोच निवडला जातो, मग दर महिन्याला वेळेवर पैसे जात असल्यामुळे सर्व काही ठीक आहे असे वाटत राहते आणि तिकडे व्याज साचत जाते. ऑटोपे चालू आहे याचा अर्थ बिल पूर्ण भरले जात आहे, असा होत नाही. दिवसापर्यंतची सगळी बाकी काढू देण्याचीही गरज नाही, कारण ज्या खरेदीचे स्टेटमेंटच अजून निघालेले नाही तिचे पैसे आधी देऊन व्याजात काही वाचत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. समजा तुमच्या कार्डाची मर्यादा 1,000 डॉलर आहे, स्टेटमेंट 12 सप्टेंबरला निघते, भरण्याची तारीख 7 ऑक्टोबर आहे आणि महिन्याची खरेदी 640 डॉलर झाली आहे. ऑटोपे स्टेटमेंटच्या पूर्ण रकमेचा लावलेला आहे.

तुम्ही 9 सप्टेंबरला, म्हणजे स्टेटमेंट निघण्याच्या आधी, 400 डॉलर भरले आणि ते वेळेत जमा झाले, तर स्टेटमेंट 240 डॉलरचेच निघेल आणि ऑटोपे तेवढेच काढेल. इथे दोनदा कापले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या आगाऊ भरण्याचा आणखी एक उपयोग आहे. बहुतेक बँका स्टेटमेंटवरची बाकी इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन पतनोंदणी कंपन्यांना कळवतात, आणि मर्यादेच्या किती टक्के वापरले यावर तुमच्या पतगुणांचा बराच भाग अवलंबून असतो. 1,000 पैकी 640 ची बाकी आणि 1,000 पैकी 240 ची बाकी यांत मोठा फरक पडतो. 30 टक्क्यांच्या आत राहावे, असा इथे सर्वसाधारण प्रघात आहे. तुमचा भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा उपयोगी पडत नाही आणि इथले पतगुण दाखवणारा फायको स्कोअर तयार व्हायला किमान सहा महिन्यांचे खाते लागते, म्हणून पहिल्या वर्षी, मर्यादा लहान असताना, किराणा आणि पुस्तकांनीच कार्ड भरून जात असेल तर असे आगाऊ भरणे योग्यच आहे.

मात्र याच ठिकाणी एक गैरसमज होतो, आणि तो पुष्कळांना महागात पडतो. 9 सप्टेंबरला भरलेले 400 डॉलर 12 तारखेच्या स्टेटमेंटच्या हप्त्यात धरले जात नाहीत. त्या स्टेटमेंटवर जी किमान रक्कम छापून येते, ती 12 सप्टेंबरनंतर आणि 7 ऑक्टोबरच्या आत स्वतंत्रपणे भरावीच लागते. ऑटोपे नसेल आणि आपण नुकतेच 400 भरले आहेत या समजुतीत तुम्ही राहिलात, तर बिल थकलेले धरले जाईल आणि तीस-चाळीस डॉलरचे विलंब शुल्क लागू शकेल. थकबाकी 30 दिवसांपलीकडे गेली तर तिची नोंद पतनोंदणी कंपन्यांकडे जाते आणि ती सात वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते.

दुसरी शक्यता अशी की स्टेटमेंट 640 चे निघाले आणि तुम्ही 20 सप्टेंबरला 400 भरले. इथे बँकांचे दोन प्रकार होतात. पहिल्या प्रकारची बँक मधल्या काळात आलेले पैसे वजा करून 7 ऑक्टोबरला उरलेले 240 काढते. दुसऱ्या प्रकारची बँक ऑटोपेची रक्कम स्टेटमेंटच्या दिवशीच ठरवून ठेवते आणि तुम्ही मध्ये काहीही भरले तरी पूर्ण 640 काढते. दुकानदाराने परत केलेल्या वस्तूचे पैसे कार्डावर जमा झाले तर ते वजा होतात की नाही, यातही असाच फरक असतो. तुमच्या कार्डाचा नियम ऑटोपे लावताना येणाऱ्या संमतीपत्रात लिहिलेला असतो. ते लांबलचक असते, पण त्यातला रक्कम कशी ठरते एवढा परिच्छेद अवश्य वाचावा.

दुसऱ्या प्रकारच्या बँकेने जास्तीचे 400 काढले तर ते कार्डाच्या खात्यात तुमच्या नावे जमा राहतात आणि पुढच्या खरेदीतून वळते होतात. ते परत हवे असतील तर लेखी मागणी केल्यावर सात कामकाजी दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण ज्या महिन्यात घरभाडे द्यायचे त्याच महिन्यात 400 डॉलर अडकून पडणे विद्यार्थ्याला परवडणारे नसते.

तिसरी वेळ सर्वांत वाईट. 7 तारीख जवळ आली म्हणून तुम्ही 5 ऑक्टोबरला धास्तीने 400 भरले. ऑटोपेची मागणी तोपर्यंत बहुधा तयार होऊन गेलेली असते, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या बँकेलाही ती बदलता येत नाही, आणि तुमच्या खात्यातून एकूण 1,040 डॉलर निघतात. खात्यात 700 च असतील तर दोन्हींपैकी एक रक्कम परत जाते, कार्डवाली बँक परतीचे शुल्क लावू शकते, तुमची बँक वेगळे शुल्क लावू शकते, आणि परत गेलेली रक्कम ऑटोपेची असेल तर बिलाचा तेवढा भाग न भरल्यासारखाच राहतो. पैसे परत गेल्यावर काही बँका ऑटोपेही बंद करतात, आणि त्याची सूचना ईमेलच्या गर्दीत सहज नजरेआड होते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसांत काही भरायचेच असेल, तर आधी ऑटोपेची ठरलेली रक्कम आणि तारीख ॲपमध्ये पाहावी.

ऑटोपे किमान किंवा ठोक रकमेचा असेल तर हिशेब थोडा वेगळा होतो. तुम्ही स्वतः किमान रकमेहून अधिक भरले असेल तर काही बँका त्या महिन्याचा ऑटोपे सोडून देतात आणि काही तरीही काढतात. पूर्ण रकमेचा पर्याय घेतला तर या भानगडीत पडायचे कारण उरत नाही.

नवे कार्ड आले की आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. ऑटोपे आज लावला म्हणून तो चालू बिलालाच लागू होईल असे नाही. स्टेटमेंट निघाल्यानंतर लावलेला ऑटोपे अनेकदा पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. पहिले बिल म्हणूनच स्वतः भरावे आणि ऑटोपे सुरू होण्याची तारीख कुठे लिहिली आहे ते पाहून ठेवावे. तुमचा फोन किंवा वीज कंपनी दर महिन्याला तुमच्या कार्डावर रक्कम टाकते, त्यालाही इथे ऑटोपेच म्हणतात. त्याचा कार्डाचे बिल भरण्याशी संबंध नाही, उलट त्याने बिल वाढते.

पैसे भरण्याची वाटही तपासून घ्या. कार्डाच्या संकेतस्थळावरून भरलेले पैसे बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी जमा धरले जातात. आपल्या बँकेच्या बिल भरण्याच्या सोयीतून पाठवले तर काही वेळा प्रत्यक्ष धनादेश टपालाने जातो आणि त्यात आठवडा जाऊ शकतो. बँकांमधल्या या देवघेवीचा हिशेब शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी मिटत नाही. बाबा यवतमाळहून जे पैसे पाठवतील त्यांनाही काही कामकाजी दिवस लागतील, तेव्हा ते पैसे आल्यावर बिल भरू असा मेळ घालू नका. दिवाळीला किंवा लग्नकार्याला गावी गेलात तर लक्षात असू द्या की बिल भरण्याची शेवटची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे पाच असेल, तर ती आपल्याकडची पहाटेची अडीच किंवा हिवाळ्यात साडेतीनची वेळ होते. इथल्या फोनवर येणारा संकेतांक गावात मिळाला नाही तर कार्डाच्या संकेतस्थळावर शिरताही येत नाही, आणि त्या दिवसांत ऑटोपेचा खरा उपयोग होतो.

तुमची बँक कोणत्या प्रकारची आहे हे संमतीपत्रातून उमगले नाही, तर स्टेटमेंट निघाल्यावर आठवडाभरात 20 डॉलर स्वतः भरा आणि दोन-तीन दिवसांनी ॲपमध्ये पुढच्या ऑटोपेची रक्कम पाहा. ती 20 ने कमी झाली असेल तर बँक वजाबाकी करते. कमी झाली नसेल तरी लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही बँका वजाबाकी प्रत्यक्ष पैसे काढतानाच करतात. खात्यातून शेवटी किती गेले ते पाहून ठरवा. तोवर खात्यात स्टेटमेंटची पूर्ण रक्कम आणि वर थोडी शिल्लक ठेवा.

दादांना एवढे जरूर सांगा की दिलेली संमती काढून घेता येते. कार्डाच्या ॲपमधून ऑटोपे केव्हाही बंद करता येतो, आणि तिथे अडचण आली तर ज्या बँकेत तुमचे खाते आहे तिला पैसे निघण्याच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी कळवून ती रक्कम थांबवण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला आहे. बँक त्यासाठी शुल्क घेऊ शकते, आणि तोंडी सांगितले असेल तर 14 दिवसांत लेखी द्यायला सांगू शकते. मात्र ऑटोपे थांबवल्याने बिल थांबत नाही. त्या महिन्याची रक्कम 7 तारखेच्या आत तुम्हालाच भरावी लागेल.