फेणी सोडून महिना झाला. लिव्हर सुधारायला कोणता काढा घ्यावा?

काढा कुठलाच नको. दारू बंद ठेवणं हेच औषध, आणि ते तुमचं सुरू झालंय. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी बहुतेकांची 2 ते 6 आठवड्यांत उतरू लागते. ‘लिव्हर साफ करणारी’ चूर्णं तो वेग वाढवत नाहीत. गुळवेलीने तर उलट यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. खरी उणीव असते प्रथिनांची, कारण पिण्याच्या दिवसांत जेवण सुटलेलं असतं. नुसत्या पेजेवर राहू नका: पेजेबरोबर उकडलेलं अंडं, दुपारी हुमणातला (नारळाच्या आमटीतला) बांगडा, रात्री मुगागाठी (मुगाची नारळ घातलेली आमटी). बिनसाखरेची काळी कॉफी चालते, फायद्याचीच आहे. तिसऱ्या, कालवं असे शिंपले मात्र पूर्ण शिजवूनच. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या आत, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त 4 गोळ्या. (उन्हाळ्यात ‘उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) हलकी असते’ म्हणणारे भेटतीलच. यकृताला तो फरक कळत नाही.)

हे सगळं चरबी किंवा साध्या सुजेपुरतं. डोळे पिवळे, पोटात पाणी, पायांवर सूज असेल तर सिरोसिसची, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होण्याची, शक्यता असते, तो आहाराने भरून येत नाही. मग घरी थांबू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा.