जुन्या पैशाला नवी सही नको

लेकरा,

परवा तू माझ्या टेबलासमोर येऊन पाचशेचा बाँड, म्हणजे स्टँप पेपर, मागितलास. कशाला म्हणून विचारलं तर मान खाली घातलीस. मग एकेक निघालं: लातूरला ट्यूशनला असताना, सतराव्या वर्षी, हप्त्यावर घेतलेला फोन, चार थकलेले हप्ते, आणि आता अठरा सरल्यावर हप्त्याच्या कंपनीकडून आलेला निरोप, "नवा कागद करू, वर पाच हजार घे, जुनं मिटलं." तू म्हणालास, "दिवसभर फोन करायलेत काका, सही करून मोकळा होतो." मी बाँड दिला नाही. तू रागानं गेलास.

जुन्या पैशाला नवी सही द्यायची नाही, बाबा.

1872 च्या करार कायद्याच्या अकराव्या कलमानं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला करारच करता येत नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषनं अज्ञानपणी वीस हजारांसाठी मालमत्ता गहाण टाकली होती. ते भांडण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात, तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, गेलं आणि 1903 साली तिथंही हेच ठरलं, की असा करार मुळातच झालेला नसतो. मोठेपणी 'मला मान्य आहे' म्हटल्यानं तो जिवंत होत नाही. हे त्यांच्या वकिलाला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते वरचे पाच हजार कशाला, आलं का ध्यानात? नव्या पैशाचा नवा करार, आणि त्याच्या पोटात जुना हिशोब.

माझा बाप गेला तेव्हा मी सोळाचा. खत-बियाणं मोंढ्यातल्या एका अडतीवरून उचललं, सह्या माझ्याच. अठरा झाल्यावर शेटजींनी बोलावलं, चहा पाजला, पेनचं टोपण स्वतः काढून पेन माझ्या हातात दिलं. "आता तू कारभारी. सगळं एका कागदावर घेऊ." शेकडा तीन, दरमहा. सात वर्षं आमचा मूग अन् तूर त्यांच्याच काट्यावर गेली, बहिणीचं लग्न दोनदा पुढं ढकललं. मूर्ख होतो म्हणू नकोस. बापाच्या तेराव्याला पहिलं पोतं त्याच माणसानं पाठवलं होतं. त्याच्यासमोर नाही कसं म्हणायचं? आई दाराआड उभी होती. तुझ्यावर तशी वेळ नाही. तुला चहासुद्धा कुणी पाजला नाही!

लोक म्हणतील, म्हातारा पोराला पैसे बुडवायला शिकवतो. फोन वापरलास ना? मग परत कर, खोक्यासकट, पोच घेऊन. आणि जन्मतारीख खोटी कुणी टाकली, तू की दुकानातल्या पोरानं, हे मला खरं सांग. तू टाकली असशील तर तुझ्याकडं उरलेला फायदा परत करायला कोर्ट लावू शकतं. मामानं जामीन म्हणून सही केली असेल तर तेही आधी सांग, त्याचं प्रकरण वेगळं, वकिलाला दाखवावं लागेल. पण सही? नाही.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यायचं: कर्जाच्या कागदाची प्रत द्या, मी तेव्हा अज्ञान होतो, सिबिलवरची, म्हणजे माझ्या नावच्या कर्ज-हिशोबातली, नोंद काढा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. सकाळी आठच्या आधी अन् संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला बंदी आहे. तसे फोन आले तर वेळ लिहून ठेव, वाद घालत बसू नकोस.

चाळीस वर्षं कोर्टाबाहेर बसून मी बाँडच विकले. कितीजणांना असा विकला असेल, मोजत नाही. पोट होतं. विचारायचं काम माझं नव्हतं, असं तेव्हा म्हणायचो.

सोमवारी अकराच्या आत ये, नंतर गर्दी होते. दहावीची सनद आण. अर्ज साध्या कागदावर लिहायचाय, दोन प्रती.




तुझा काका