सूत्रातलं हवं ते अक्षर एकटं कसं काढायचं? ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे पाठ आहे, तरी उत्तर चुकतं.

तो नियम फक्त बेरीज-वजाबाकीने जोडलेल्या पदांचा. गुणणाऱ्या आकड्याला लावलात तर ३क्ष = १२ वरून क्ष = ९ येतं. मी मुलांना पलीकडे नेणं शिकवतच नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करा, आणि हव्या अक्षरावर जी क्रिया शेवटी झाली ती आधी उलटवा.

आमच्या तासगावकडचं उदाहरण घेतो. द्राक्षं वाळवून बेदाणा होतो तेव्हा पाणी उडतं, बाकीचा गर तेवढाच राहतो. द्राक्षांचं वजन व, त्यातला पाण्याचा भाग प. बेदाण्याचं वजन ब, त्यातला ओलावा ओ. मग

व(१ − प) = ब(१ − ओ)

ओ हवाय. ओ आधी १ मधून वजा झाला, मग सगळ्याला ब ने गुणलं. म्हणून ब ने भागणं आधी:

व(१ − प)/ब = १ − ओ

आता घोळ इथे होतो: ओ च्या आधी वजाचं चिन्ह आहे. दोन्ही बाजूंत ओ मिळवा, मग तो अपूर्णांक दोन्हीकडून वजा करा:

ओ = १ − व(१ − प)/ब

१०० किलो द्राक्षं, ८० टक्के पाणी, वाळवायच्या रॅकवरून उतरला २५ किलो माल. ओ = १ − २०/२५ = ०.२, म्हणजे २० टक्के. चांगल्या बेदाण्यात साधारण १५-१६ टक्के असतो, तेव्हा हा माल अजून वाळायचाय.

खरी अडचण अक्षर दोनदा आलं की. सरळव्याजाची रास, म्हणजे मुद्दल अधिक व्याज, बघा: र = म + मदक/१००. इथे म मुद्दल, द दर, क वर्षं. म हवाय म्हणून पोरं पहिला म पलीकडे नेतात आणि म च्याच भाषेत म काढून बसतात. आधी म सामाईक काढा:

र = म(१ + दक/१००)

आता भागा: म = र/(१ + दक/१००). रास ११,२००, दर ६, मुदत २ वर्षं: ११,२००/१.१२ = १०,०००. मूळ सूत्रात घालून बघा, व्याज १,२०० येतं.

अक्षराचा वर्गही आहे आणि तेच अक्षर साधंही आहे, तर सामाईक काढून भागणार नाही. तिथे दहावीतलं वर्गसमीकरणाचं सूत्र लागतं.