विहिरीचा एकर

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. जमीन तीन एकर. मुलाला बारावी सायन्सला ७१ टक्के, सीईटीला मात्र ५८ पर्सेंटाइल. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनीअरिंगची सीट मिळतेय, त्यासाठी विहिरीलगतचा एकर विकायला काढतोय. तो म्हणतो, अ‍ॅग्री करतो, गावातच राहतो. आमच्या पाणी वापर संस्थेच्या पाण्याच्या पाळ्यांची वही दोन वर्षं तोच लिहितो, त्यातच त्याचं डोकं फिरलंय. थोरलीला पुण्यात आयटीवाल्याकडे दिली. हा गावात राहिला तर याला पोरगी कोण देणार? कॉम्प्युटर घ्यावं की आयटी, एवढं सांगा.

उत्तर : तेवढंच सांगणार नाही. मी अडलो तो विहिरीपाशी.

तीन एकरांतला भिजणारा एकर तुम्ही विकणार, तोही मुलाने न मागितलेल्या सीटसाठी. चार वर्षांनी त्याला परत यावंसं वाटलं तर कोरड्या दोन एकरांवर यायचं का? शिवाय कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्याला सरकारी शुल्क सवलत मिळू शकते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. पैशाचं एक वेळ सोडा. ‘बापाने माझ्यासाठी जमीन विकली’ हे ओझं घेऊन पहिल्याच सेमिस्टरला गणितात अडकलेली पोरं माझ्यासमोर बसून गेलीत. निकाल सांगायला नको म्हणून एक जण दिवाळीलाही घरी गेला नव्हता.

पोरगी कोण देणार, ही भीती खरी आहे. पण भाऊ, थोरलीच्या वेळी शेतकऱ्याचं स्थळ तुम्ही तरी दारात उभं केलं होतंत का? आणि अठरा वर्षांच्या पोराच्या लग्नापायी विहीर आत्ता विकायची?

गावात राहणं म्हणजे बापाच्या बागेत कात्री धरणं, असं तुम्ही धरून चाललात. २०१० आठवा. द्राक्षं गोड होती, पण क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडला. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात, तेच हे वेलीची वाढ रोखणारं औषध. आज निर्यातीची बाग ग्रेपनेटवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदवावी लागते, अंश तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. ही फवारणीची नोंद, तपासणी, शीतगृह, हिशेब सांभाळायला शिकलेली माणसं लागतात, आणि ती बागेजवळच लागतात. मोहाडीला सह्याद्री फार्म्स तुमच्याच तालुक्यात आहे, शेतकऱ्यांची कंपनी. एक दिवस जा आणि कात्री न धरता तिथे किती जणांचं घर चालतं ते मोजा.

आणि ती वही! वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था स्वतः मोजून घेतात, वाटतात. ते बघायला बाहेरून लोक दिंडोरीत येतात. पाऊस कमी झाला की पाळ्या बसवताना भावाभावांत भांडणं लागतात. तुमचा पोरगा दोन वर्षं ती वही सांभाळतोय आणि तुम्ही म्हणता डोकं फिरलंय.

त्यालाही दोन शब्द. अ‍ॅग्रीच्या वर्गात कितीतरी जण मनाने एमपीएससीच्या अभ्यासिकेतच असतात. तसंच करायचं असेल तर गावाचं नाव पुढे करू नकोस. आणि भाऊ, पाण्याची वही त्याला येते, आता सोसायटीच्या कर्जाचं पासबुकही दाखवा. ते पाहूनही तो गावातच म्हणाला, तर बोलण्यात अर्थ आहे.

मार्ग सरळ आहे : सीईटीवरच कॅपमधून राहुरी कृषी विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात चार वर्षांची कृषी पदवी, पुढे हवं तर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं (टिस) तुळजापूर केंद्र.

एकराचा इसार घेतला असेल तर आधी परत करा. मग दोघं नाशिकला या. येताना ती वही आणा, मला बघायची आहे.