जपानमधली मुले भेटतात ती बागेत, शाळेत नव्हे

मे महिन्यात आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन आपण टोकियो व क्योतोला जाणार आहात. तिथल्या मुलांशी आणि कुटुंबांशी त्यांची ओळख व्हावी म्हणून एखाद्या शाळेला भेट देता येईल का आणि मुलांना वाटायला काय न्यावे, असे आपण विचारले आहे.

शाळेचा विचार सोडून द्यावा, असे मी सुचवेन. जून २००१ मध्ये ओसाका प्रांतातील इकेदा येथील प्राथमिक शाळेत एका इसमाने शिरून आठ मुलांची हत्या केली. त्यानंतर देशभर शाळांची फाटके बंद राहू लागली आणि अनोळखी माणसाला सहजी आत घेणे थांबले. वाटप तर नकोच. मुलांच्या घोळक्यात चॉकलेटे वाटणारा पाहुणा तिथे कौतुकाचा नव्हे, संशयाचा विषय होतो.

मुले भेटतात ती वस्तीतल्या बागेत. म्हणून टोकियोतल्या शिंजुकूसारख्या गजबजाटात उतरण्यापेक्षा लोक जिथे राहतात अशा भागात मुक्काम करावा आणि दुपारनंतरचा वेळ शक्यतो रोज एकाच बागेसाठी राखून ठेवावा. टोकियोच्याच एदोगावा प्रभागातील निशी-कासाई परिसरात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात (२०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ या प्रभागाच्या सभेवर निवडून आले). तिथे जपानी बोलणारी आपली मुलेही भेटतात आणि दुभाषी म्हणून ती उत्तमच. मात्र मग पालक आपसांत गप्पा मारत बसतात आणि मूळ हेतू बाजूला राहतो.

बालवाड्या साधारण दोनच्या सुमारास सुटतात आणि सायकलवर पुढे-मागे मुलांना बसवून आया बऱ्याचदा थेट बागेत येतात. तेव्हा आधी आईला किंचित मान लववून 'कोन्निचिवा' म्हणावे. पाच वर्षांच्या मुलांचे पुढचे आपोआप जमते. प्राथमिक शाळेतली मुले तीन-साडेतीननंतर, घरी दप्तर टाकून, बहुधा मोठ्यांशिवायच येतात. अनोळखी प्रौढ व्यक्ती त्यांच्याशी बोलू लागली, तर परिसरातल्या पालकांना सावधगिरीचा संदेश जाऊ शकतो. त्यामुळे तिथे आपण बाकावर बसावे आणि मुलीलाच पुढे होऊ द्यावे.

तिला 'जान्केन' घरूनच शिकवून न्यावे. खेळ आपल्या ओळखीचा दगड-कागद-कात्रीचाच, पण राज्य कोणावर, घसरगुंडीवर आधी कोण, उरलेला खाऊ कोणाचा, हे सारे त्यावर ठरते. 'साइशो वा गू' म्हणत सगळे मूठ पुढे करतात, 'जान्केन पोन'मधल्या 'पोन'ला हात उघडतात आणि बरोबरी झाली तर 'आइको देशो' म्हणत लगेच पुन्हा खेळतात. हा ठेका जमला की भाषेवाचून फारसे अडत नाही. सोबत जाळीसह एक लाकडी भोवराही न्यावा. माझ्या भाच्याने तिथे भोवऱ्याला जाळी गुंडाळायला घेतली, तेव्हा आजूबाजूची मुले उकिडवी बसून त्याची बोटे पाहत राहिली आणि थोड्याच वेळात त्यांतला एक जण भोवरा तळहातावर घेण्याची खटपट करत होता. बेब्लेडही मूळचा त्यांचाच, तेव्हा भोवरा त्यांना परका वाटत नाही.

पाचच्या सुमारास (ही वेळ गावागणिक बदलते) खांबावरच्या भोंग्यातून पालिकेची धून वाजते आणि पुष्कळ मुले खेळ अर्धा टाकून घरी पळतात. आपल्यावर रुसून ती गेली असे मुलीला वाटू नये, म्हणून हे तिला आधीच सांगून ठेवावे.

पावसाच्या दिवशी जिदोकान गाठावे. १९४७ च्या बालकल्याण कायद्यात नोंदलेली ही मुलांची केंद्रे देशात चार हजारांहून अधिक आहेत आणि प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. बूट काढून, दारातल्या वहीत नाव लिहून आत जायचे. आत पुस्तके, हस्तकलेचे सामान आणि चेंडू खेळायला जागा असते. अजून प्राथमिक शाळेत न जाणाऱ्या लहान मुलासोबत पालक लागतो. काही केंद्रे स्थानिक रहिवाशांपुरतीच असतात, तेव्हा दारात विचारून घ्यावे.

परक्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या होकाराशिवाय काढू नयेत. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज सहसा बंदच करता येत नाही, यावरून हा विषय किती नाजूक आहे हे कळावे.

कुटुंबाच्या घरी जेवायला जायचे असेल, तर माफक शुल्क घेऊन अशी भेट जुळवून देणाऱ्या संस्था आहेत. आपण शाकाहारी असाल, तर तेवढेच कळवून भागत नाही. मिसो सूपपासून उकडलेल्या भाज्यांपर्यंत अनेक पदार्थांत सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, म्हणून तोही चालत नाही असे स्पष्ट लिहावे. भेटवस्तू मुलांच्या हाती न देता आईवडिलांकडे द्यावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले कोणी घरात असू शकते, तेव्हा चिक्कीऐवजी चहाचा मसाला बरा.

तारखा अजून ठरल्या नसतील, तर २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा आठवडा टाळावा, कारण त्या काळात बरीच कुटुंबे गावोगावी गेलेली असतात आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. त्यानंतर शाळा नियमित सुरू होतात, आणि टोकियोत पावसाळा साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, त्यामुळे ७ मेपासून महिनाअखेरपर्यंतचा काळ आपल्याला सोयीचा पडेल.