रतीब चटणीचा, रतीब शाळेचा

प्रश्न : काकू, आम्ही चौघं फुलेवाडीत भाड्यानं राहतो. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला आहेत. हातात २७,५०० येतात. तीन महिने झाले, रोजचा खर्च वहीत लिहिते. भाडं ६,०००, किराणा ४,५००, दूध १,८००, भाजी-फळं १,७००, गॅस ९००, लाईट १,१००, दोन मोबाइलचे ६००, गाडीचा हप्ता २,६००, पेट्रोल १,९००, पोरांची रिक्षा १,२००, मटण-अंडी १,८००. बेरीज येते २४,१००. म्हणजे ३,४०० उरायला पाहिजेत. उरत तर नाहीतच, उलट जूनमध्ये दिराच्या नावावर तालमीच्या भिशीतनं १५,००० उचलले, महिना ३ टक्क्यानं. दिवाळीआधी भिशी फुटली, म्हणजे वर्षाचा हिशेब मिटवला, तेव्हा यांचा बोनस त्यातच गेला. सासूबाई म्हणतात, 'लिहून कुठं पैसा वाचतोय?' मटण बंद करूया म्हटलं तर घरात भांडण. माझं चुकतंय तरी कुठं?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : अगं, आधी मटणाचं मिटवू. ते बंद करू नकोस. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून आंदोलन केलेलं हे आपलं कोल्हापूर. त्यातल्या एका घराला रविवारी डाळ-भात वाढून तू बजेट टिकवणार असशील तर दुसऱ्या रविवारी वहीच चुलीत जाईल. चौघांत अर्धा किलो आणतेस, रस्सा वाढवून दोन वेळा पुरवतेस. यात उधळपट्टी कुठं आली?

तू पाठवलेली वही मी दोनदा तपासली. एकतीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर होते, दुसऱ्याची बेरीज तपासायची सवय जात नाही. बेरीज बरोबर आहे. पण वहीत वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, कुठं आहे? शाळेची फी? दिवाळी, जत्रा, आहेर, गाडीचा इन्शुरन्स? तू दर महिन्याला येणारा खर्चच लिहिलायस. वर्षातनं एकदा येतो तो खर्च तुझ्या लेखी 'अचानक' आलेला असतो. जून काय अचानक येतो होय गं?

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. बी.कॉम. होऊन मी शिवाजी पेठेत सून म्हणून आले तेव्हा दारात दोन म्हशी होत्या. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांना सही येत नव्हती, पण हिशेब असा, की आमच्या संस्थेच्या ऑडिटरनं शिकून घ्यावा. घरोघरी दुधाचा रतीब होता आणि एकेका घराचे पैसे एकेका कामाला बांधलेले. कोपऱ्यावरच्या वाड्याचा रतीब चटणीचा. डॉक्टरांचा रतीब शाळेचा. मास्तरांच्या घरचा जत्रेचा आणि पाव्हण्यारावळ्यांचा. पैसे आले की त्या-त्या चिंधीत बांधून पेटीत. चटणीच्या चिंधीतनं पोराला वहीसुद्धा मिळायची नाही. 'ते चटणीचं हाय' म्हटलं की विषय संपला.

मला हे खुळ्यासारखं वाटायचं. पैसा तो पैसा, त्याला काय नाव लिहिलेलं असतं? एका संक्रांतीला आत्ती माहेरी गेलेल्या, महाद्वार रोडला एक साडी मनात भरलेली. मी चटणीची चिंधी सोडली. पुढच्या पगाराला परत ठेवू म्हटलं, ते काही झालं नाही. चैत्र आला. दर वर्षी आमची पाच किलो मिरची असायची, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ठसक्याला मूठभर लवंगी. त्या वर्षी आत्तींनी चिंधी सोडली, मोजली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं तीनच किलो आणली. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे सगळं त्याच मापात. डंकावर कुटून आणली, बरणीत भरली. बोलल्या काही नाहीत. मार्गशीर्षात बरणीच्या तळाला चमचा खडखडायला लागला. मग चैत्रापर्यंत दुकानातली पुड्याची चटणी. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी विचारलं, 'आमटी अशी का लागतीय?' आत्ती शांतपणे म्हणाल्या, 'बायकोला म्हण, साडी उकळून घाल तीत.'

ती साडी मी फार वेळा नेसले नाही.

आता तुझं बघू. तुझ्या पत्रावरून आणि तुझ्यासारख्या घरांच्या अंदाजानं मी आकडे धरलेत, तुझे वेगळे असतील तर बदल. चटणी ४,०००. दोन पोरांची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश १४,०००. दिवाळी ९,०००. गौरी-गणपती ३,५००. गावची जत्रा ४,०००. लग्नसराईतले आहेर ५,०००. गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ३,५००. आयुर्विम्याचा हप्ता ६,०००. दवाखाना ५,०००, त्यात पोरांचे पावसाळ्यातले ताप आले. सगळं मिळून ५४,०००. बारानं भाग, महिन्याला ४,५००.

तुझ्याकडं वहीप्रमाणं उरतात ३,४००. म्हणजे तू महिन्याला ११०० रुपयांनी कमी पडतेस, वर्षाला १३,२००. भिशीतनं किती उचललेस? १५,०००. बघ, तुझा पैसा कुठं पळाला नव्हता. जून ते ऑक्टोबर पाच महिने ४५० प्रमाणं २,२५० व्याज भरलंस. भिशीचं व्याज फुटताना सभासदांत वाटलं जातं, म्हणजे तुझ्या पैशानं तालमीतल्या पोरांची दिवाळी थोडी गोड झाली. भिशी वाईट नाही, मीही पंधरा वर्षं एका भिशीत होते. पण तिच्यात पैसे टाकणाऱ्याचं भलं होतं, उचलणाऱ्याचं नाही.

११०० कुठनं काढायचे? फुलेवाडी ते शिरोली जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतं. फुलेवाडीतनं, रंकाळ्याच्या बाजूनं तिकडं कामाला जाणारे किती तरी आहेत. एकाच शिफ्टचा जोडीदार बघून एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा यांची असं केलं तर पेट्रोल निम्म्यावर येईल. शिफ्ट कधी जुळणार नाही, जोडीदार सुट्टी घेईल, म्हणून साडेनऊशे न धरता सातशेच धर. राहिले चारशे. तुझा ४,५०० चा किराणा खालच्या दुकानातनं खात्यावर येतोय, हे तू लिहिलं नाहीस, पण 'आज तेलाची एक पिशवी, आज पाव किलो साखर' अशा नोंदी मला दिसल्या. खात्यावर घेताना कुणी दर विचारत नाही आणि पोरगं साखर आणायला गेलं की दहाचा पुडा घेऊनच परत येतं. पगार झाला की एका सुट्टीला लक्ष्मीपुरीत जा, महिन्याचं तेल, डाळी, तांदूळ, साखर रोखीनं आण. दुकानदाराशी वैर नको, मीठ-काडेपेटी त्याच्याकडचीच घे, पण रोख. चारशे निघतात. माझ्या भाचीचे पाचशे निघाले.

दिवाळी नुकतीच झालीय, हे चांगलं झालं. आपलं वर्ष भिशीसारखं दिवाळीनंतर सुरू करायचं. नोव्हेंबरपासून मेअखेर सात महिने ४,५०० टाकलेस तर ३१,५०० होतात. त्यातनं चटणी, जत्रा, आहेर असे १३,००० गेले तरी १८,५०० राहतात. शाळेचे १४,००० देऊन ४,५०० हातात. पुढचे पाच महिने धरून २७,०००, आणि तेवढ्यातच गणपती, दोन्ही विमे, दवाखाना, दिवाळी बसते. मी तीनदा करून बघितलं. मधेच मोठं आजारपण आलं तर हे मोडेल, तेव्हा बोनस आला की तो खर्चाला न धरता तसाच ठेव.

हे पैसे ठेवायचे कुठं? पोस्टाची आरडी पाच वर्षांची, इथं तिचा उपयोग नाही, तुला दर दोन-तीन महिन्यांनी पैसे काढावे लागणार. बँकेत दुसरं साधं बचत खातं काढ. त्याचं एटीएम कार्ड घेऊ नको, फोनवरच्या पेमेंटला जोडू नको. स्लिप भरून, रांगेत उभं राहून पैसे काढायचे. रांगेत उभं राहिलं की माणूस विचार करतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूनं मी एकतीस वर्षं बघितलंय. पगार सात तारखेला होतो ना? आठ तारखेला ४,५०० तिकडं गेले पाहिजेत. महिनाअखेरीस उरले तर टाकू म्हणशील तर माझ्या साडीसारखं होईल.

आणखी एक, गाडीचा हप्ता कधी संपतो ते बघून ठेव. तो संपला की २,६०० मोकळे होतील. त्याच महिन्यात शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावरचा मोबाइल घरात येण्याची फार शक्यता असते. तो येऊ देऊ नको.

सासूबाईंना सांग, लिहून पैसा वाचत नाही हे त्यांचं खरं आहे. त्यांना रतीब कसा बांधायचे ते विचार, त्यांच्याकडं काही तरी निघेल.

प्रश्न : आमचा सिलिंडर बत्तीस दिवसांत संपतो, शेजारणीचा पंचेचाळीस दिवस जातो. माणसं दोन्हीकडं पाचच. गळती नाही, माणूस बोलावून तपासून घेतलं. — कसबा बावडा

उत्तर : शेजारीण भाकरी करते की चपाती, आणि अंघोळीचं पाणी कशावर तापवते, हे आधी बघा. भाकरीला गॅस जास्त लागतो, तिथं तुलना करून उपयोग नाही. अंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर उत्तर तिथंच मिळालं. तसं नसेल तर भांड्यांचे बुडखे बघा. काळे पडत असतील आणि ज्योत पिवळी असेल तर बर्नरची भोकं बुजलीत, पिनेनं साफ करा. ज्योत भांड्याच्या कडेबाहेर आली की तो गॅस हवेत गेला. तूरडाळ अर्धा तास, हरभरा-वाटाणा रात्रभर भिजवा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. फ्रिजमधलं दूध थेट शेगडीवर ठेवू नका. सिलिंडर लावला ती तारीख त्याच्यावरच खडूनं लिहा. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोच गॅस असतो, त्यामुळं पुढच्या वेळी फरक लगेच कळेल.

प्रश्न : गेली बारा वर्षं घरात कुणाला न सांगता थोडे-थोडे पैसे बँकेत ठेवतेय. हे चूक आहे का? — मंगळवार पेठ

उत्तर : वहिनी, चूक-बरोबर मी सांगणार नाही. मी स्वतः ठेवलेत. पण नॉमिनी घातलाय का ते उद्याच जाऊन बघा. बँकेतलं खातं दहा वर्षं हललं नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. वारसांना ती मागता येते, पण खातं होतं हे त्यांना माहीत तर पाहिजे. आमच्या काउंटरवर एकदा एक मुलगा आईच्या कपाटात सापडलेलं पासबुक घेऊन आला होता. ते त्याला साड्यांच्या घडीत मिळालं, आई जाऊन सहा वर्षं झाल्यावर, घर रंगवायला काढलं तेव्हा. पासबुक कुठं आहे ते एका माणसाला सांगून ठेवा. नवऱ्याला नको असेल तर बहिणीला सांगा.