तेच विचार परत परत येतात, माझा विश्वास कमी पडतोय का?

प्रश्न : ताई, माझं वय ४३, नगर जिल्ह्यात राहते. मागच्या वर्षी आई गेली. रात्री तिच्या छातीत जळजळत होतं, मला वाटलं ॲसिडिटी असेल, सकाळी दवाखान्यात नेऊ म्हटलं आणि सकाळपर्यंत ती राहिलीच नाही. हार्ट अटॅक होता. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते आणि डोक्यात एकच, तूच आईला मारलंस. प्रार्थना करते, दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच. चर्चच्या मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या विश्वास कमी पडतोय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या घ्यायलाही अपराधी वाटतं. आईचं आवडतं गीत चर्चमधे लागलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही. काय करू?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी काकूंचं बोलणं बाजूला ठेवू, त्यांनी मायेनंच म्हटलं असेल पण ते बरोबर नाही. बायबलमधलं स्तोत्र ४२ आणि ४३ लागोपाठ वाचा, 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे तीनदा येतं. गाणारा स्वतःच्या जिवाला समजावतो, देवाची आशा धर म्हणतो, थोड्याच ओळींत परत तळमळायला लागतो, मग परत समजावतो. म्हणजे त्याचंही दुःख परत परत येतच होतं, तरी त्याचं गाणं पवित्र शास्त्रात आहे.

प्रेषित पौलाच्या पत्रात, रोमकरांस १२:२ मधे, मनाच्या नवीकरणाने स्वतःचं रूपांतर 'होऊ द्या' म्हटलंय, 'करा' नाही. मूळ ग्रीक क्रियापदही तसंच आहे आणि चालू राहणारं आहे, एका रात्रीत उरकायचं काम नाही ते.

पण नुसतं हात जोडून बसायचं असंही नाही. उशाशी वही ठेवा आणि तीनला जाग आली की तो विचार जसाच्या तसा लिहा, 'मी आईला मारलं'. त्याच्या खाली त्या रात्री तुम्हाला खरंच काय माहीत होतं ते लिहा, आई काय म्हणाली, किती वाजले होते, तुम्ही तिला काय दिलंत, तिच्याजवळ कोण बसलं होतं. त्याच्याच दुसऱ्या पत्रात, फिलिप्पै ४:८ मधे, पौल कशाचं मनन करा ते सांगतो त्यात पहिलं 'सत्य' येतं, आणि हे तो कैदेतून लिहितोय. सत्य हे की तुमचा अंदाज चुकला, हार्ट अटॅकची जळजळ ॲसिडिटीसारखी वाटते आणि भल्याभल्यांची गल्लत होते. त्याचं दुःख देवापुढे रडून सांगा, पण जो खून केलाच नाही त्याची क्षमा मागत बसू नका, बाई.

गोळ्यांचं म्हणाल तर बायबलमधला संदेष्टा एलीया आठवा. झुडपाखाली बसून मरण मागत होता, देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं. मग पुढचा प्रवास. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या, मनाने बंद करू नका, आणि रात्री फारच जड झालं, जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आईचं ते गीत कोणतं हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पुढच्या पत्रात नक्की लिहा, आणि रविवारी ते लागलं तर इतरांना गाऊ द्या, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.